घर खाली करायची नोटीस आली? घाबरून सामान बांधू नका, आधी हे करा

गिरगावात आत्याच्या खोलीवर वकिलाची नोटीस आली तो दिवस मला अजून जसाच्या तसा आठवतो. तिने फोन केला आणि पहिलंच वाक्य, अरे पंधरा दिवसांत खोली खाली करायला सांगितलीय, मी सामान कुठे नेऊ. आजोबांच्या नावची खोली, आत्या त्याच खोलीत जन्मली, लग्न केलं नाही, आजोबा-आजीचं सगळं तिनेच केलं आणि ते गेल्यावरही तिथेच राहिली. मी संध्याकाळी पोचलो तर साड्यांची दोन बोचकी बांधून पलंगावर ठेवलेली आणि नोटीस देवाच्या फोटोखाली. तीन पानांची इंग्रजी नोटीस, तिला त्यातलं एकच कळलं होतं, पंधरा दिवस.

म्हणून सगळ्यात आधी हे सांगतो आणि मोठ्याने सांगतो. नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नाही. नोटीस म्हणजे मालकाने वकिलाकडून पाठवलेलं पत्र. त्यात पंधरा दिवस लिहिलेले असोत नाहीतर चोवीस तास, ती मुदत संपली म्हणून कोणी तुम्हाला दाराबाहेर काढू शकत नाही. मुदत संपल्यावर मालक फार तर कोर्टात दावा लावू शकतो. तिथे दोन्ही बाजूंचं ऐकून निकाल होणार, त्यावर अपील होणार, आणि शेवटी ताबा द्यायची वेळ आलीच तर कोर्टाचा बेलिफ, म्हणजे हुकूम बजावणारा कर्मचारी, वॉरंट घेऊन येणार. मालक नाही, त्याचा भाचा नाही, बिल्डरची चार पोरं नाहीत, पोलीससुद्धा नाहीत.

मी वकील नाही. पण आत्याच्या भानगडीनंतर चाळीतल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या नोटिसा वाचल्या, त्यांच्याबरोबर वकिलाच्या ऑफिसात आणि कोर्टाच्या बाकावर बसलो, आणि एक गोष्ट पक्की कळली की माणसांची घरं नोटिशीने जात नाहीत, ती जातात घाबरून केलेल्या सहीने नाहीतर चुकलेल्या तारखेने. खाली लिहिलंय ते महाराष्ट्रापुरतं आहे, म्हणजे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. गोव्यात १९६८ चा वेगळा कायदा आणि रेंट कंट्रोलर अशी वेगळी व्यवस्था आहे, तिकडच्यांनी तिकडच्या वकिलाला विचारा. आणि व्हॉट्सअॅपवर जे नवीन भाडे कायदा आला म्हणून फिरत असतं त्यावर जाऊ नका. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरू कायदा हा नमुना आहे, राज्याने स्वतः केल्याशिवाय तो लागू होत नाही.

पहिलं काम, पाकीट घ्या आणि जपून ठेवा

खूप लोकांना वाटतं की पोस्टमनकडून पाकीट घेतलंच नाही तर नोटीस लागू होत नाही. चूक. बरोबर पत्त्यावर आलेलं पाकीट तुम्ही नाकारलं तर ते मिळालं असंच कोर्ट धरून चालतं, आणि मग तुम्हाला आत काय लिहिलं होतं तेच माहीत नसतं आणि दिवस मात्र मोजले जात असतात. तेव्हा घ्या, सही करताना तारीख टाका, आणि पाकीट फेकू नका. पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का, स्पीड पोस्टचा नंबर, सगळं लागतं, कारण थकलेलं भाडं भरायला मिळणारे पुढचे ९० दिवस नोटीस तुम्हाला कधी मिळाली त्या तारखेपासून मोजायचे असतात, नोटिशीवर टाईप केलेल्या तारखेपासून नाही. आत्याने पाकीट कचऱ्यात टाकलं होतं, नशीब की कचरेवाला यायचा होता, मी ते कांद्याच्या सालांतून काढून वाळवलं.

त्याच दिवशी नोटिशीचे फोटो काढा, पानं सगळी आहेत का बघा, आणि कॅलेंडरवर मिळाल्याची तारीख आणि नव्वदावा दिवस, दोन्ही लाल पेनाने करून ठेवा.

दुसरं, तुम्ही कायद्याने कोण आहात ते ठरवा

सगळं यावर अवलंबून आहे म्हणून इथे घाई नको. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार. एक म्हणजे भाडेकरू, यात पागडीवाले, जुन्या चाळीतले, भाडेपावतीवर राहणारे आले. यांना कायद्याचं संरक्षण भक्कम आहे. दुसरे लिव्ह अँड लायसन्सवाले, ११ महिने, २४ महिने, ३६ महिने असं अॅग्रीमेंट करून राहणारे, म्हणजे आजची बहुतेक तरुण मंडळी. यांचं संरक्षण अॅग्रीमेंटच्या मुदतीपुरतं. त्यांच्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय. (कंपनीच्या नावावर जागा असेल आणि कंपनीचं भांडवल १ कोटी किंवा जास्त असेल, किंवा भाडेकरू बँक असेल तर हा कायदा लागूच होत नाही, पण तो विषय इथे नको.)

पावती मेलेल्या माणसाच्या नावावर आहे म्हणून बरेच जण गळून जातात. मालकाचा मॅनेजर पण हेच सांगून घाबरवतो, की भाडेकरू तुमचे वडील होते, ते गेले, तुमचा काय संबंध. संबंध आहे. राहत्या घराच्या बाबतीत, भाडेकरू वारला तेव्हा त्याच्याबरोबर त्या घरात राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो, आणि असं कोणी राहतच नसेल तर वारस. फक्त तुम्ही तेव्हा तिथे राहत होता हे दाखवता आलं पाहिजे, रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेचा दाखला, बँक पासबुक, जे असेल ते. आत्याकडे १९७८ पासूनचं रेशनकार्ड होतं, आजोबांच्या नावाखाली तिचं नाव. आमच्या वकिलांनी बाकीचा गठ्ठा बाजूला सारून आधी ते हातात घेतलं.

तिसरं, नोटिशीत कारण काय दिलंय ते शोधा

मालकाला वाटलं म्हणून घर खाली करून मागता येत नाही. भाडेकरू कायद्याने ठरलेलं भाडं आणि वाढ भरतोय, भरायला तयार आहे आणि भाडेपट्ट्याच्या अटी पाळतोय तोपर्यंत त्याला काढता येत नाही, हे कलम १५ मध्ये आहे. आणि काढायची कारणं कलम १६ मध्ये मोजून दिलीत. नोटिशीत पानभर पाल्हाळ असतं पण आत कारणं दोन-तीनच असतात, पेन्सिलने खुणा करत वाचा.

नेहमी येणारी कारणं अशी. भाडं थकलं. मालकाला स्वतःला किंवा घरच्यांना राहायला जागा हवी. तुम्ही पोटभाडेकरू ठेवला. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलं. शेजाऱ्यांना उपद्रव. आणि सहा महिने जागा वापरलीच नाही.

हे शेवटचं फार लोकांना महागात पडतं. मुलाकडे ठाण्याला नाहीतर पुण्याला राहायला गेले, चाळीतली खोली कुलूप लावून ठेवली, दिवाळीला येऊन झाडून गेले, आणि मालक लाईटबिलाचे आकडे काढून कोर्टात ठेवतो की बघा युनिट शून्य. दावा लावायच्या आधीचे सलग सहा महिने जागा सबळ कारणाशिवाय बंद असेल तर ते ताबा मागायचं कारण होतं. आजारपणामुळे, उपचारासाठी बाहेर असाल तर हॉस्पिटलची कागदपत्रं जपून ठेवा, ते सबळ कारण ठरू शकतं. नाहीतर राहा, किंवा घरातल्या कोणाला तरी खरंच राहू द्या, नुसता बल्ब लावून ठेवू नका.

मालकाला स्वतःसाठी जागा हवी असं असेल तर त्याला ती गरज खरी आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यानंतरही कोर्ट तुलना करतं की जागा दिली तर भाडेकरूला जास्त त्रास की नाही दिली तर मालकाला जास्त. म्हणून मालकाच्या त्याच इमारतीत किती खोल्या रिकाम्या आहेत, गेल्या दोन-तीन वर्षांत कोणती खोली त्याने बाहेरच्याला दिली, मुलाचा फ्लॅट कुठे आहे, हे आत्ताच लिहून काढा. आमच्या चाळीत तळमजल्याची खोली नोटिशीच्या आधी आठ महिने कुरियरवाल्याला गोडाऊन म्हणून दिली होती, आणि नोटिशीत लिहिलेलं की मालकाच्या मुलाला राहायला जागा नाही. त्या गोडाऊनच्या पाटीचा फोटो शेजारच्या काकांनी काढून ठेवला होता. आणि असा ताबा घेऊन मालक महिन्याभरात तिथे राहायला आलाच नाही, किंवा वर्षाच्या आत दुसऱ्याला दिली, तर जुन्या भाडेकरूला जागा परत मागता येते, पण त्यालाही मुदत आहे तेव्हा लक्ष ठेवून राहायचं.

चौथं, भाडं. इथे सगळ्यात जास्त घरं जातात

थकबाकीची नोटीस असेल तर नीट ऐका. अशी लेखी मागणी तुम्हाला मिळाल्यावर ९० दिवस होईपर्यंत मालक थकबाकीसाठी दावा लावू शकत नाही. म्हणजे कायद्याने तुम्हाला तीन महिने दिलेत, त्या तीन महिन्यांत थकलेलं सगळं भरून टाका, विषय तिथेच संपवायचा. रोख देऊ नका. चेक, डीडी, ऑनलाईन, काहीही ज्याची नोंद राहते. मालकाने भाडं घेतलं की पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे, पण तो देईल या भरवशावर राहू नका.

मालक भाडं घेतच नाही ही जुनी चाल आहे. दोन-तीन वर्षं मॅनेजर म्हणतो नंतर या, पावतीबुक संपलंय, शेठ गावाला गेलेत, आणि मग एक दिवस नोटीस की तुम्ही तीन वर्षं भाडं दिलं नाही. यावर उपाय एकच, भाडं पाठवलं आणि त्याने नाकारलं याचा कागद. पोस्टाची मनीऑर्डर हा जुना आणि अजूनही उपयोगी मार्ग. आत्याने तेच केलं होतं, कोणी सांगितलं म्हणून नाही, आजोबा करायचे म्हणून. पत्र्याच्या फराळाच्या डब्यात १९६० च्या दशकापासूनच्या भाडेपावत्या, सालवार सुतळीने बांधलेल्या, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या, आणि सगळ्यात वर परत आलेल्या मनीऑर्डरचे कागद, पोस्टमनच्या हाताने शेरा, घेण्यास नकार. मी ते मोजले, एकोणतीस होते. पण नंतरचे सात महिने तिने पाठवलंच नव्हतं, म्हणाली घेतच नाहीत तर पोस्टाला कमिशन का द्यायचं. त्या सात महिन्यांनी आम्हाला घाम फोडला, वकिलांनी पहिल्या भेटीत त्याच सात महिन्यांवर बोट ठेवलं. तेव्हा तो घेवो न घेवो, दर महिन्याला पाठवत राहा.

मागणीत मालक काय काय घालतो तेही तपासा. कायद्याने भाडं वर्षाला ४ टक्के वाढवता येतं, शिवाय पालिकेचे कर वाढले किंवा ठराविक दुरुस्त्या केल्या तर वेगळी वाढ असू शकते. नोटिशीत एकदम तिप्पट आकडा असेल तर वकिलाला हिशोब करून घ्यायला सांगा. पण वाद आहे म्हणून सगळंच अडवून धरू नका, जे मान्य आहे ते भरा आणि बाकीबद्दल हरकत राखून असं लिहून कळवा. वादाच्या रकमेसाठी घर पणाला लावायचं नसतं, माझं तर मत आहे की आकडा थोडा जास्त असेल तरी हरकत राखून भरून मोकळं व्हावं, भांडण नंतर करता येतं.

आणि ९० दिवसही चुकले, दावा लागला, तरी शेवटची एक खिडकी आहे. कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत थकलेलं सगळं भाडं, त्यावर वर्षाला १५ टक्के सरळ व्याज, हे कोर्टात भरलं, पुढे दावा संपेपर्यंत भाडं नियमित भरत राहिलात आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही दिलात, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूम होत नाही. उदाहरण म्हणून, महिना ४०० रुपये आणि २४ महिने थकले तर ९,६०० रुपये, प्रत्येक महिन्याचं व्याज वेगवेगळ्या काळाचं, सरासरी एक वर्ष धरलं तर १,४४० च्या आसपास. म्हणजे अकरा हजारांच्या आसपास मुंबईतली खोली वाचते. आणि लोक हे अकरा हजार वेळेत भरत नाहीत, कारण त्यांना कोणी सांगतच नाही. मला हे बघून अजूनही वाईट वाटतं. नियमित या शब्दाला कोर्टात फार वजन आहे, एखादा महिना पुढे ढकलला, दोन महिन्यांचं एकदम भरलं, असं करू नका.

पाचवं, उत्तर द्या, पण स्वतः लिहू नका

नोटिशीला उत्तर दिलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, पण गप्प बसलात की पुढे म्हणतात की बघा यांना काही म्हणायचंच नव्हतं. उत्तर वकिलाकडून, पोचपावती राहील अशा पद्धतीने. रागाच्या भरात मालकाला व्हॉट्सअॅपवर काही पाठवू नका, वर्षभर दिलं नाही काय करायचं ते कर, असला मेसेज उद्या कोर्टात कागद म्हणून लागतो. आणि उत्तरात खोटं काही घालू नका. पुतण्या राहतोय तर राहतोय म्हणा, पाहुणा आलाय म्हणायचं आणि मग त्याचं आधारकार्ड त्याच पत्त्यावर निघायचं, यात केस जाते.

वकिलाकडे जाताना नोटीस, पाकीट, सगळ्या पावत्या, बँक स्टेटमेंट, लाईटबिलं, घरातल्यांची नावं असलेले सरकारी कागद, अॅग्रीमेंट असेल तर ते, आणि एका कागदावर सालवार घडलेलं, एवढं न्या. मूळ कागद वकिलाकडे सोडून येऊ नका, झेरॉक्स द्या.

सही करू नका, किल्ली देऊ नका

हे मी पायरी म्हणून नाही, हात जोडून सांगतोय. नोटीस आल्यावर आठवड्याभरात कोणीतरी गोड बोलणारा येतो. म्हणतो काकी, कोर्टकचेरी कशाला, फक्त इथे सही करा, दुरुस्तीसाठी तीन महिने दुसरीकडे राहा, भाडं आम्ही देतो. तो कागद बहुतेक वेळा ताबा सोडल्याचा असतो. कोऱ्या कागदावर, स्टॅम्पपेपरवर, न वाचलेल्या इंग्रजी कागदावर सही नाही म्हणजे नाही. वयस्कर माणसं एकटी राहत असतील तर दाराच्या आतल्या बाजूला चिठ्ठीच लावा, आत्याच्या दारावर आहे, मोठ्या अक्षरात, सही मागितली तर आधी मला फोन. रिडेव्हलपमेंट असेल तर नवीन जागेचं क्षेत्रफळ, तोपर्यंतचं भाडं, हे सगळं लिहिलेला रजिस्टर झालेला करार हातात आल्याशिवाय खोली खाली करायची नाही.

लाईट-पाणी तोडलं, कुलूप लावलं तर

मालकाने लाईट, पाणी, जिन्यातले दिवे, लिफ्ट, संडासाची सोय यातलं काही बंद करणं कलम २९ ने मना आहे. भाडं थकलं असलं तरीही. कोर्टात अर्ज करून सेवा पुन्हा चालू करायचा तात्पुरता हुकूम मागता येतो, तो लवकर मिळू शकतो. फोटो, व्हिडिओ, शेजाऱ्यांची नावं, लाईटबिल भरल्याची पावती, एवढं लगेच जमवा.

तुम्ही बाहेर असताना कुलूप बदललं किंवा सामान बाहेर काढलं तर आधी ११२ ला फोन आणि त्याच दिवशी पोलीस स्टेशनला लेखी तक्रार, तुमच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. पोलीस बरेचदा म्हणतात हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. पण धमकी, मारहाण, जबरदस्तीने घुसणं, सामानाची नासधूस हे गुन्हे आहेत, ते तक्रारीत स्पष्ट लिहा, नुसतं मालक त्रास देतो असं मोघम लिहू नका. आणि उलट मालकाच्या सांगण्यावरून पोलिसांनी तुम्हाला बोलावून खाली करा म्हटलं, तर नम्रपणे विचारा, साहेब कोर्टाचा हुकूम आहे का. घर खाली करून द्यायचा अधिकार पोलिसांना नाही.

कायदेशीर मार्गाने न जाता बाहेर काढलं असेल तर १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्टच्या कलम ६ खाली ताबा परत मागता येतो. त्यात मालकी कोणाची हे बघत नाहीत, ताबा कोणाकडे होता आणि तो कसा काढला एवढंच बघतात. पण दावा सहा महिन्यांच्या आत लावायचा. मध्यस्थाच्या बोलण्यात सहा महिने घालवलेली माणसं मी पाहिलीत.

समन्स आलं की

मुंबईत भाड्याचे दावे स्मॉल कॉज कोर्टात चालतात, धोबी तलावला मुख्य आणि वांद्र्यालाही आहे. पुणे, नागपूरसारख्या ठिकाणी जिथे स्मॉल कॉज कोर्ट आहे तिथे तिकडे, नाहीतर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर. समन्स आलं की तारखेला हजर राहा, वकीलपत्र दाखल करा, आणि कैफियत म्हणजे तुमचं लेखी म्हणणं साधारण ३० दिवसांत द्यायचं असतं, उशीर झाला तर कारण देऊन ९० दिवसांपर्यंत मागता येतं. हजर नाही राहिलात तर एकतर्फी हुकूम होतो आणि तुम्हाला कळतं ते बेलिफ दारात आल्यावर. अधूनमधून ई-कोर्ट्सच्या अॅपवर स्वतःच्या आणि पावतीवर असलेल्या नावाने शोधून बघा, कधीकधी समन्स जुन्या पत्त्यावर किंवा वारलेल्या माणसाच्या नावाने फिरत असतं. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाला ३० दिवस, त्याचबरोबर स्टे मागायचा.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी काय करायचं

इथे मी गोड बोलणार नाही. अॅग्रीमेंटची मुदत संपली असेल तर कायदा तुमच्या बाजूने फारसा नाही. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करतो, आणि मुदतीनंतर राहिलात तर भाड्याच्या दुप्पट नुकसानभरपाई लागू शकते. महिना २५ हजार असेल तर ५० हजार. तेव्हा मुदत संपत आली की दोन महिने आधी बोलून नवीन अॅग्रीमेंट करा किंवा दुसरी जागा बघा, आणि आठवडा-पंधरा दिवस हवेच असतील तर मालकाकडून लेखी घ्या, मेसेजवर का होईना.

सक्षम प्राधिकाऱ्याचं समन्स आलं तर मिळाल्यापासून ३० दिवसांत शपथपत्र देऊन लढायची परवानगी मागावी लागते. नाही मागितली तर मालकाचं म्हणणं तुम्ही मान्य केलं असं धरतात आणि थेट ताब्याचा हुकूम. त्यावर अपील नाही, ९० दिवसांत रिव्हिजन म्हणजे फेरतपासणीचा अर्ज आहे, ती प्रत्यक्षात विभागीय आयुक्तांच्या कार्यालयात जाते.

मुदत चालू असताना नोटीस आली तर अॅग्रीमेंट काढा आणि दोन गोष्टी बघा, लॉक-इन पिरियड (ज्यात अॅग्रीमेंट मध्येच मोडता येत नाही तो काळ) किती आणि नोटीस पिरियड किती. एक महिन्याची नोटीस लिहिली असेल तर परवा खाली करा हे चालत नाही, मुलीचं लग्न ठरलंय, फ्लॅट विकलाय, कारण काही असो. आणि मुदत संपली तरी मालकाला स्वतः कुलूप लावायचा, मेन स्विच काढून न्यायचा हक्क येत नाही, त्यालाही कायद्याच्या मार्गानेच यावं लागतं.

अॅग्रीमेंट रजिस्टरच केलेलं नसेल तर? ११ महिन्यांचं असलं की रजिस्टर करावं लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. कलम ५५ प्रमाणे लेखी आणि रजिस्टर करणं सक्तीचं आहे, जबाबदारी मालकाची, आणि केलं नसेल तर अटी काय होत्या याबद्दल मालक उलट सिद्ध करेपर्यंत तुमचं म्हणणं धरलं जातं. हे मालकाला शांतपणे सांगून बघा, बऱ्याच वेळा आवाज खाली येतो.

डिपॉझिटचं म्हणाल तर किल्ली आणि डिपॉझिट एकाच वेळी, एकाच टेबलावर. सोडताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, मीटरच्या रीडिंगसकट.

पालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस असेल तर

हा वेगळा मामला आहे, इथे हट्ट करू नका कारण इमारत पडते तेव्हा जीव जातो. मुंबईत पालिका स्वतःच्या पालिका कायद्याच्या कलम ३५४ खाली नोटीस देते. इमारत सी-१ गटात असेल तर अतिधोकादायक, लगेच खाली करून पाडायची, सी-२ मध्ये दुरुस्ती होऊ शकते, सी-३ म्हणजे किरकोळ. पण मालकाने आणलेल्या स्ट्रक्चरल ऑडिटवर संशय असेल तर भाडेकरू मिळून दुसऱ्या नोंदणीकृत इंजिनियरकडून ऑडिट करून घेऊ शकतात, आणि दोन अहवाल वेगळे आले तर प्रकरण पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे पाठवता येतं. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. खाली करायच्या आधी प्रत्येक खोलीचं मोजमाप आणि भाडेकरूंची यादी पालिकेकडून करून तिची प्रत घ्या, तुमचं नाव, मजला, क्षेत्रफळ बरोबर आहे का बघा, पुढे तोच कागद बोलतो. उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली राहत्या भाडेकरूला कमीत कमी ३०० चौरस फूट कार्पेट मिळायला हवं, आठ बाय दहाची खोली असली तरी.

वकिलाला पैसे नसतील तर

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच असतं, तिथे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे, अपंग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असेल तर. १५१०० हा फोन नंबर देशभर चालतो. घरात आई, आजी, आत्या यांच्या नावावर भाडं असेल तर त्यांच्या नावानेच अर्ज करा, उत्पन्नाचा दाखला काढायची धावपळ वाचते. आणि चाळीत चार जणांना नोटीस आली असेल तर एकत्र बसा, पण प्रत्येकाचे कागद आणि तारखा वेगळ्या ठेवा, एकाचं भाडं भरलं म्हणून दुसऱ्याचं भरलं जात नाही.

आत्याचं म्हणाल तर, उत्तराबरोबर पाठवलेला चेक मालकाने परत केला आणि दावा लावला. समन्स आल्यावर एकविसाव्या दिवशी आम्ही व्याजासकट सगळं कोर्टात भरलं. केस अजून चालू आहे, मुलाला जागा हवी या मुद्द्यावर साक्षी व्हायच्यात. साड्यांची बोचकी त्याच रात्री सोडून कपाटात लावली. आता दर महिन्याला पाच तारखेच्या आत ती बस पकडून नाहीतर चालत धोबी तलावला जाते, भाडं भरते, पावती दोनदा वाचते, आणि घरी आली की डब्यातल्या सुतळीला बांधून ठेवते.